डावखुऱ्या सुमनचा बोलिंगचा चेंडू

क्लबातल्या मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

माझी धाकटी बहीण सुमन डावखुरी. टेनपिन बोलिंगमध्ये तिचा टणक रबरी चेंडू लेनवरून घरंगळताना उभ्या पिनांकडे वळतच नाही, म्हणून कप्तान या नात्याने मी तिच्या मनगटाला दोष देऊन गेल्या रविवारी तिला संघातून काढलं.

आज चेंडूंना बोटांची भोकं पाडणाऱ्या गुरप्पांकडे गेलो. चेंडूची आतून एक बाजू जास्त जड असते; भोकं पाडताना ती त्यांनी उजव्या हाताच्या हिशेबाने ठेवली होती!

"सगळ्यांना तसंच पाडतो, सार. स्वल्प फरक!"

स्वल्प? जड बाजू उलटीकडे गेली की चेंडू वळणार कसा? मी त्यांच्यावर ओरडलो.

घरी सुमन म्हणाली, "अण्णा, चेंडू बघ, असं मी दोनदा म्हटलं होतं."

खरंच म्हटलं होतं. मी संघाच्या यादीत तिचं नाव परत घातलं, पण ती येणार नाही म्हणते. तिला कोणत्या तोंडाने बोलावू?