गंगा या समुद्राला मिळत नाही

दोन वर्षांत आईनं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. रविवारी दुपारी आम्ही दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मध्येच हात थांबवून ती म्हणाली, "नंदा, मला समुद्र दाखवतीस का?"

माझा धाकटा भाऊ गजानन पुण्याजवळ मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याचं लग्न ठरत आलं होतं. तेव्हापासून आई जेवते, झोपते, शेतावर चक्कर मारते, पण हे हवं, ते नको असं काही म्हणत नाही. त्यामुळं तिनं समुद्र मागितला तेव्हा मी कारण विचारलं नाही. मन रमवायचं असेल, असं मीच ठरवून टाकलं. मी मास्तरीण, समोरच्याचं उत्तर आपणच देऊन टाकायची सवय जात नाही.

आमच्या सोनपेठहून समुद्र बघायचा म्हणजे सोपं काम नाही. शोधता शोधता पनवेलहून निघणारी तीन दिवसांची एक सहल सापडली: अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई आणि मुरूड-जंजिरा. लहान बस, सोबत वाटाड्या, दोन रात्रींचा मुक्काम, जेवण धरून माणशी सहा हजारांच्या आत. आपल्या भागातून जाणाऱ्यांसाठी सांगते, गंगाखेडहून पनवेलला थेट रेल्वे आहे. संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं. वयस्कर माणूस सोबत असेल तर खालचा बर्थ आधीच बघून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं रात्रभर लोकांना विनवत बसावं लागेल.

आईच्या पिशवीत खण-नारळ होता. आणखी एक फडक्यात घट्ट बांधलेली पुरचुंडी होती. तिला ती मला हात लावू देईना.

आमचे वाटाडे म्हात्रे दादा रेवदंड्याकडचेच, पन्नाशीचे. घसा बसलेला, पण बोलणं रसाळ. बसमध्ये चौदा-पंधरा जण होतो. आमच्या पुढच्या बाकावर लातूरच्या कुलकर्णी काकू आणि त्यांचे यजमान. काकूंनी पेण यायच्या आत माझा पगार, बदली आणि नवऱ्याची नोकरी सगळं काढून घेतलं.

पहिला थांबा अलिबाग. आईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ओहोटीचा. आम्ही किनाऱ्यावर उभ्या, समोर नुसती ओली काळी वाळू, आणि माणसं कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत निघालेली.

"पानी कुटं गेलं?" आईनं विचारलं.

"मागं सरलंय, आजी. दुपारनंतर परत येईल," म्हात्रे दादा म्हणाले.

"रोज जातंय आन रोज येतंय?"

"दिवसातून दोनदा."

आई बराच वेळ त्या वाळूकडं बघत राहिली. आमच्याकडं पाणी एकदा गेलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघायची असते. तुम्ही जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या आणि चप्पल हातात घेऊन चाला. घोडागाडीही मिळते, पण आई चालतच गेली. किल्ला एके काळी मराठ्यांच्या आरमाराचं ठाणं होता. चुना न वापरता एकावर एक रचलेले दगड लाटा खात अजून उभे आहेत. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडं खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचा साठा आहे. आईनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं तेव्हाच तिचा विश्वास बसला.

मुक्काम चौलजवळच्या एका वाडीत होता. नारळी-पोफळीची झाडं आणि मध्ये सारवलेलं अंगण. चौल एके काळी देशोदेशीची गलबतं लागणारं बंदर होतं, आता रस्त्यावर दुपारी कुत्रंही दिसत नाही. दादा म्हणाले, खाडी गाळानं भरली आणि व्यापार निघून गेला. जेवायला तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि सोलकढी. आईनं भाकरी उलटीपालटी करून पाहिली. "जवारीची न्हाई का हो?" असं तिनं वाडीच्या मालकिणीला विचारलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण मात्र छान होतं आणि तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

दिवेलागणीला अंगणात बसल्यावर तिनं पुरचुंडी सोडली. आत धपाटे होते, तीळ लावलेले, कडक भाजलेले, गजाला आवडायचे तसे. शेंगदाण्याची चटणीही होती.

"उद्या त्या मोठ्या पान्यात सोडायचेत," ती म्हणाली. "गंगामाईनं त्याला हितंच आनून सोडला आसंल ना."

आता मला कळलं. गजाची राख सावडून ती गंगाखेडच्या घाटावर गोदावरीत सोडली होती. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आमच्या घरी ना स्मशानात बायका जात, ना राख सोडायला. पुरुष जीपमध्ये बसून गेले आणि आई व मी दारात उभ्या राहिलो. गंगा समुद्राला मिळते, हे तिला ठाऊक होतं. आणि तिच्या लेखी समुद्र एकच होता. दोन वर्षं मनात हिशेब मांडून ती लेकाला भेटायला आली होती.

आणि मी सहावी-सातवीला भूगोल शिकवते. गोदावरी नांदेडवरून तेलंगणात जाते, तिथून आंध्रात, आणि पार तिकडं बंगालच्या उपसागराला मिळते. हे मी झोपेतही सांगेन. त्या संध्याकाळी मात्र ते सांगणं मला जमलं नाही. गप्प राहावं का? धपाटे सोडेल, रडेल, मोकळी होईल, कुणाचं काय बिघडतं? असं म्हणून पडले, पण झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रेवदंडा. पोर्तुगीजांचा कोट आता नारळाच्या बागांत हरवलाय. पडक्या चर्चचा उंच मनोरा उभा आहे, भिंतींतून वडाची मुळं उतरली आहेत. म्हात्रे दादा सांगत होते की कोणे एके काळी या तटाच्या आत आख्खं शहर नांदत होतं. काकूंचे यजमान मोबाइलवर सगळं टिपत होते. पूल ओलांडून कोर्लईच्या बाजूला आलो तेव्हा खाली नदीचं मुख आलं. इकडून नदी, तिकडून समुद्र, आणि मध्ये दोन रंगांचं पाणी.

आई पुढं झाली. पदर नीट घेतला, पिशवीत हात घातला आणि दादांना विचारलं, "ही गंगा का?"

"ही कुंडलिका, आजी."

"मंग गंगा कुटं मिळती?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण माझं तोंड बघून ते बाजूला सरले. त्या क्षणी मला वाटलं, हिला अडाणी समजून आपण हिच्याशी खोटं खेळायला लागलोय. पोटच्या पोराचा निरोप परक्या पाण्याला सांगायला लावायचा, आणि वर याला माया म्हणायचं.

"आई," मी म्हणाले, "आपली गंगा या समुद्राला मिळत नाही. ती उलट्या अंगाला जाते, पूर्वेला. तिकडं दुसरा समुद्र आहे. लय लांब."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आन गजा?"

"तिकडंच गेला असंल."

"आन तुला कालच म्हाईत व्हतं?"

"हो."

पिशवीतला हात तिनं रिकामाच बाहेर काढला. बसमध्ये चढली आणि खिडकीला डोकं लावून बसली. माझ्याशी ती दुपारपर्यंत बोलली नाही.

वाचकहो, जंजिऱ्याचं वर्णन इथं मिळणार नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी किल्ल्यात नेते, सुट्टीच्या दिवशी रांग असते, ऊन डोक्यावर घेऊ नका. एवढंच मी सांगू शकते, कारण आई होडीत बसायला तयार झाली नाही. सगळे गेले आणि आम्ही दोघी धक्क्याच्या सावलीत बसलो. समोर काळाकुट्ट तट पाण्यातून वर आलेला. आरमारं आली आणि गेली, हा किल्ला काही कुणाला जिंकता आला नाही म्हणतात. मला त्याचं काहीच वाटेना. मला फक्त आई बोलायला हवी होती.

पाण्याकडं बघतच ती बोलली. "मला कुनी इचारलं न्हाई बग, येतीस का म्हनून. चपला घातल्या आन निगाले. म्या पोराचं तोंड बगितलं ते पांढऱ्या कपड्यातलं. वाटंला लावलंच न्हाई त्याला."

मी तिचा हात धरला. मलाही कुणी विचारलं नव्हतं, पण आपणही जावं असं मला त्या दिवशी सुचलंही नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटलं.

होडी परत आली. उन्हानं आणि भुकेनं सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आईनं सगळ्यांकडं पाहिलं आणि पुरचुंडी सोडून धपाटे वाटायला लागली.

"घरचे दिसतात," काकू म्हणाल्या. "कुणासाठी एवढे केले होते?"

"लेकासाठी."

"काय करतो मुलगा?"

"गेला तो. दोन वरीस झाले. खावा तुमी, त्याला वाटून खायची लय सवय व्हती."

काकूंच्या हातातला तुकडा तसाच राहिला. मग त्या आईच्या शेजारी खाली बसल्या आणि प्रवासात पहिल्यांदाच काही न विचारता खात राहिल्या.

म्हात्रे दादा हात झटकून म्हणाले, "आजी, आमच्या कोळीवाड्यात काही जण समुद्रावर जातात आणि परत येत नाहीत. काहीच सापडत नाही. समुद्रात कुठं शोधायचं? त्यांच्या आया होडी जिथून सुटली त्या धक्क्यावर जाऊन बसतात. निरोप तिथूनच द्यायचा असतो."

आई उठली. खण-नारळाची ओटी तिनं त्याच धक्क्यावरून समुद्राला भरली. "आलोय तर रिकाम्या हातानं कसं जावं," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी काशीदच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय भिजवले, वाटेत कोकम आणि पोह्यांचे पापड घेतले आणि पनवेलला रेल्वेत बसलो.

गंगाखेडला उतरलो तेव्हा सकाळ कोवळी होती. मी एसटी स्टँडकडं वळले. आई म्हणाली, "घाटावर चल."

घाटावर पोचलो आणि दोघीही पायऱ्यांवर थांबलो. कुठं सोडलं होतं त्याला? दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. मी काकांना, म्हणजे आईच्या दिरांना स्पीकरवर फोन लावला. तेच राख घेऊन आले होते.

"आता कशाला वैनीला तिकडं?" काका म्हणाले. "उनाळा व्हता तवा, पानी आटलं व्हतं. वाळूत लय आत चालत गेलतो."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "भाऊजी, मला येऊ द्यायचं व्हतं."

पलीकडून काकांचा आवाज आला, "व्हय वैनी. द्यायचं व्हतं."

आता नदीत पाणी भरपूर होतं आणि ती वाळू खाली गेली होती. आई शेवटच्या पायरीपर्यंत उतरली, पाण्यात हात घातला. गजा सुट्टी संपवून पुण्याला निघाला की एसटीच्या खिडकीशी म्हणायची तेच म्हणाली, "नीट जाय रे. आमची काळजी करू नको." मग ती खूप रडली, आणि मीही रडले.

समुद्र पाहायचा असेल तर जरूर जा. मी पुन्हा जाणार आहे, जंजिरा राहिलाय. माझ्याजवळ मात्र सहलीतला काकांचा तो होकारच राहिला आहे, जो आम्ही घाटावर उभ्या राहून ऐकला.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एक तरणा मुलगा आजारानं गेला. तिसऱ्या दिवशी राख घेऊन पुरुष जीपमध्ये बसत होते, त्याची आई दारातच उभी होती. आमची आई गर्दीतून पुढं गेली, तिचा दंड धरला आणि म्हणाली, "चल, मी येते संगं." पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. काकाही होते त्यांच्यात. तेच आधी खाली उतरले आणि दोघींना जागा करून दिली.