मार्कंड्याला क्षमा मागायला गेले तेव्हा

देव माझ्यावर कोपला आहे, असं मी वर्षभर मनात धरून होते. छत्तिसाव्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. अंगावरून फार जायचं, म्हणून डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली. तो त्रास थांबला, पण दोन महिन्यांत दुसराच सुरू झाला. भर थंडीत छातीतून आग उठायची, पोलकं घामानं भिजायचं. झोप उडाली. उगाच रडू यायचं, नवऱ्याचा स्पर्शही नको वाटायचा. अंगणात साधी घसरले तर मनगट मोडलं. सासूबाई म्हणाल्या, ऑपरेशनआधी मार्कंड्याच्या महादेवाला बोललेला नवस फेडायचा राहिला, त्याचं हे फळ. मलाही ते पटलं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेले. दवाखान्याचा इंग्रजी कागद सोबत घेतला होता. तो पिंडीपुढं ठेवून क्षमा मागायची होती. रांगेतच ती आग उठली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मागच्या एका वयस्क बाईंनी मला धरून वैनगंगेच्या काठी नेलं, तोंडावर पाणी मारलं. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, नवऱ्याला न सांगितलेलंसुद्धा. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला.

"पिशवीसंगं दोन्ही अंडाशयं बी काढली, असं लिवलं आहे. तुले कोणी सांगतलं नाई?"

मी नाही म्हणाले.

"मंग हा देवाचा कोप नोहे, बाई. ते काढले का असंच होते. हाडं बी ठिसूळ होतात. माह्यं बी झालं होतं. औषध आहे यावर. गडचिरोलीले जाय, बायांच्या डॉक्टरले दाखव."

मी तिथंच बसून खूप रडले. मग त्यांनी मला दर्शनाला नेलं. बाहेर आल्यावर गर्दीत आमची चुकामूक झाली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. तपासण्या केल्या, औषधं सुरू केली. आग बरीच निवली, झोप लागू लागली. हाडांना मात्र आता जन्मभर जपायचं आहे. नवऱ्याला समोर बसवून सारं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "मले वाटे, तुले मीच नकोसा झालो."

त्या बाई नेमक्या माझ्याच मागं कशा उभ्या होत्या, हे मी शोधत बसत नाही. पूर्वी देवापुढं गुन्हेगारासारखी उभी राहायचे. आता हे उरलेलं शरीर त्याच्या स्वाधीन करते आणि गोळी वेळेवर घेते. हात जोडताना भीती वाटत नाही, एवढं त्यानं दिलं.