पद्माकरने पास केलेलं हँडगार्ड

पद्माकर स्लाऊमधल्या एका फोर्जमध्ये भट्टीवर होता. मी त्याच्या शेजारच्या घणावर. अर्धवट काम त्याला खपायचं नाही, स्वतःचं तर नाहीच. सुटीच्या दिवशी तो बिझलीच्या रेंजवर नेमबाजी करायचा आणि क्लबातल्या लोकांच्या रायफलींना सुटे भाग बसवून द्यायचा. मी सोबतीला जायचो.

१९९४ च्या उन्हाळ्यात अलका त्याच्याकडे आली. साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमधली नर्स, जन्मही तिथलाच. बर्फावर पडून तिचं डावं मनगट मोडलं होतं. उभ्यानं नेम धरला की रायफलीचं तोंड खाली जायचं. नळीभोवतीचं जे आवरण डाव्या हातानं धरतात, ते हँडगार्डच तिला जड होत होतं.

पद्माकरनं तीन हलकी हँडगार्ड मागवली. रेखावहिनींच्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोलली. एकेक बसवून बाजूनं जोर लावला. नळीला टेकतंय का, ते मधून कागद सरकवून पाहिलं. नायलॉनचं वाकलं. फायबरग्लासचं ठीक होतं, ॲल्युमिनियमचं त्याहून हलकं. शनिवारी ॲल्युमिनियमचं बसवून त्यानं भराभर गोळ्या झाडल्या आणि त्यावर पंजा ठेवला. "गरम नाही. चालेल." अलका ड्यूटीवर होती. तिला फोन करून त्यानं तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्लबची स्पर्धा होती.

रविवारी सकाळी त्याच्याकडे पोहे होते. त्यानं फडकं न घेताच कढई कानांना धरून गॅसवरून उतरवली. ती जरा सरकवायला मी हात लावला आणि ओरडलो.

"भावजी, त्यांचं बघून काही करू नका हो," वहिनी म्हणाल्या. "ते हात नाहीत, सांडशी आहे."

मी हसलो. पद्माकर हसला नाही. स्वतःच्या पंजाकडे बघत राहिला.

"अलकाचा नंबर कधी?"

"दहाला."

"ऊठ."

"अहो, पोहे तरी खा!"

तो गाडीत जाऊन बसलासुद्धा.

रस्त्यात मी म्हणालो, "चटका बसला तर सोडून देईल की."

"नाही सोडणार. मी चालेल म्हटलंय." थोड्या वेळानं म्हणाला, "हात भाजला तर तिचं काम बंद. दचकून रायफल वळली तर शेजारचा माणूस."

पुढे ट्रॅक्टर होता. तो बाजूला होईना. पद्माकरनं हॉर्नवरचा हात काढला नाही.

पोचलो तेव्हा गोळीबार सुरू होता. धोका दिसला तर रेंजवर कोणीही थांबवू शकतो. तो मागूनच ओरडला, "स्टॉप! स्टॉप!"

सगळं थांबलं. अलकानं रायफल रिकामी करून खाली ठेवली.

"काका, काय झाला?"

"हात दाखव."

तळहात लाल होता. बोटांच्या मुळाशी फोड आले होते.

"अगं, सोडायचं नाही का?"

"मला वाटला मीच सॉफ्ट आहे. तुम्ही पास केला ना!"

रेंज अधिकारी तावातावानं आला. चूक माझी, असं पद्माकरनंच त्याला सांगितलं. अलकाची स्पर्धा तिथेच संपली. फोड बरे होईपर्यंत तिला थिएटरमध्येही जाता आलं नाही.

ती परत आल्यावर त्यानं फायबरग्लासचं बसवलं, तेवढ्याच गोळ्या झाडल्या आणि बाजूला झाला. स्वतः हात लावला नाही.

"आधी बोट लाव. मग पंजा. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस."

तिनं पंजा ठेवला, तसाच ठेवला.

"ओके."

"ओके नको. गरम आहे की नाही?"

"कोमट."

मग त्यानं स्क्रू आवळले.