सगळ्यांना सल्ला, सुनेला फाईल

एक्केचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले आणि जो तो शहाणपण शिकवू लागला. पेणच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या बाई तर ओळखपाळख नसताना सुरू झाल्या. मांडीवरची पिशवी थोपटत म्हणाल्या, "साखरेची तपासणी करू नको गो. पोर घाबरतं पोटात. केशर खा, देव बघेल." रोह्याहून एसटीचे धक्के खात मी हे ऐकायला आले होते!

तेवढ्यात त्याच तपासणीसाठी आतून हाक आली. बाई पलीकडे बसलेल्या गरोदर सुनेचा हात धरून सगळ्यांच्या पुढे घुसल्या. पिशवीतून रिपोर्टांची तारखेवार लावलेली फाईल निघाली.

"मग हिची कशाला करता?" मी विचारलं.

"आमची पहिलटकरीण हाय. डॉक्टर सांगतील तेच. हिला मी दुसऱ्या कोणाचं ऐकू देत नाय."

पाच महिन्यांत मिळालेल्या सल्ल्यांपैकी तेवढा एकच मी पाळला. उठले आणि त्यांच्या सुनेमागे रांगेत उभी राहिले.