भावजींचा भुईमूग

आमच्या भावजींइतकं भुईमुगाच्या दाण्याला जपणारं माणूस साऱ्या म्हैसुरात नव्हतं, आणि पाहुण्यांना इतकं दमवणारंही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. निवृत्तीनंतर शहरातल्या सरस्वतीपुरमच्या घरात त्यांचा जीव रमेना, म्हणून हुणसूरजवळच्या आपल्या रानात ते भुईमूग करू लागले. पेरणी जवळ आली की येईल त्याच्यापुढं चहाआधी शेंगांनी भरलेलं सूप यायचं. शेंगा हातानंच फोडायच्या, यंत्रात दाणा दुखावतो. लाल साल सुटली की दाणा बाद. "बेगा बेगा नको, सावकाश! साल गेली की उगवत नाही तो," असं ते माझ्या बोटांकडे बघत ओरडायचे. मग निवडलेल्या दाण्यांना औषध चोळून ते घरातच सावलीत वाळत घालायचे, आणि वाऱ्यानं साल तडकेल म्हणून तोवर पंखा बंद. दिवसभर शाळेत शिकवून आलेली मी तिथं घाम पुसत बसायचे.

पेरताना मात्र हा काटेकोर माणूस एकदम उदार व्हायचा. दोन झाडांत हातभर जागा! "झाडाला मोकळं वाटलं पाहिजे," म्हणायचे. झाडं व्हायचीही डेरेदार. एखादं शेंगांसकट उपटून ते बसमध्ये मांडीवर घेऊन यायचे, कंडक्टरलाही दाखवायचे. पोती मात्र भरायची नाहीत. अर्धं रान उघडंच, त्यात तण माजायचं आणि ते खुरपून अक्काची कंबर जायची. शेवटी एका वर्षी ती म्हणाली, "साकु हो, आता पुरे झालं. निम्मं रान मी पेरणार. नाहीतर देऊन टाका कुणाला तरी कसायला." त्याच निवडलेल्या बियाण्यातले दाणे तिनं चार-चार बोटांवर टाकले. भावजी बांधावरून "गुदमरतील गं ती!" म्हणत राहिले.

काढणीला अक्काची झाडं किरकोळच निघाली, एकेकाला मोजक्या शेंगा. भावजींचा चेहरा खुलला. पण ढीग लागले तेव्हा त्यांचा ढीग गुडघ्याला आला आणि अक्काचा छातीला.  मग ते तिच्या ढिगाशी उकिडवे बसून म्हणाले, "पुढच्या वर्षी सगळं रान तुझ्या हातानं."

पुढच्या पावसाळ्याआधीच अक्का गेली. भावजींनी एकट्यानं सगळं रान तिच्यासारखं दाट पेरलं. काढणीनंतर मी भेटायला गेले, तर घरात पोत्यांमुळं पाय ठेवायला जागा नव्हती.

"छान पिकलंय की, भावजी," मी म्हणाले.

"हो, खूप आलंय," ते म्हणाले. त्यांनी एका पोत्यावर हात ठेवला. "आता इतकं खाणार कोण?"