सोडलेला हात

देवी माझ्यावर रागावली आहे, असं मी तीन वर्षं मनात धरून चालले होते. रागवायला तिला कारणही होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. भोरमध्ये मी घरीच ब्लाऊज शिवते. मापं द्यायला आलेल्या बायका हमखास म्हणायच्या, "आईची लई किरपा तुमच्यावर, येवढ्यातनं वाचलात." मी टेप त्यांच्या दंडाभोवती फिरवायचे आणि मान खाली घालून माप लिहून घ्यायचे. कृपा कसली, डोंबलाची, असं ओठांवर यायचं. पण गिऱ्हाईक तोडून कसं चालेल, म्हणून गिळून टाकायचे.

हिर्डोशीच्या पलीकडे डोंगरावर आमच्या कुळदेवीचं ठाणं आहे. त्या वर्षी जत्रेला पायऱ्यांवर माणूस मावेना. एका बाजूचा कठडा तुटला आणि वरची माणसं खालच्यांच्या अंगावर आली. मी भिंतीला चिकटून उभी होते. पायाशी एक बाई दबली होती, माझ्याच वयाची, मनगटभर हिरव्या बांगड्या. तिने माझा हात धरला. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओढीने मीही खाली जायला लागले, तेव्हा मी तो हात झटकून टाकला. तिची बांगडी फुटून माझ्या मनगटात घुसली, त्याचा वण अजून आहे. मी वाचले, ती गेली. तिचं नाव मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी जाणून घेतलंही नाही. घरी सांगितलं, "एका बाईचा हात धरला होता, पण निसटला." सगळ्यांनी मला जवळ घेतलं. त्या क्षणापासून मला कुणी जवळ घेतलं की अंगावर काटा यायचा.

पुढे मंगळवारचा बाजार सुटला, एसटी स्टँडवर उभं राहणं सुटलं. देवापुढचा दिवासुद्धा हेच लावायचे. मी कुणाचा हात म्हणून धरत नसे, अगदी माझ्या लेकीचाही नाही. मग तिचं लग्न ठरलं. पहिली पत्रिका नवरीच्या आईने स्वतः डोंगरावर नेऊन देवीपुढे ठेवायची, ही आमच्या घराची रीत. "मी ठेवून येतो, देवी काय नाही म्हणणार आहे?" असं हे म्हणाले. मी हो म्हटलं आणि रात्रभर तळमळले. लेकीच्या संसाराला माझ्या पापाची सावली लागणार, हे भय काही केल्या जाईना.

लेक पुण्याला जर्मन शिकलेली. परदेशी मालिकांच्या खाली मराठी ओळी येतात ना, त्या लिहायचं काम ती घरी बसून करते. लग्नाआधी एक मालिका संपवायची म्हणून ती माझ्या मशीनशेजारी लॅपटॉप घेऊन बसायची. जर्मनीतल्या कुठल्याशा गावात उत्सवाच्या दिवशी सभागृहाचं छत कोसळतं आणि त्यातून वाचलेली माणसं पुढे कशी जगतात, अशी ती गोष्ट होती. मी शिवता शिवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक उंच, केस कापलेली बाई रोज दुकानापर्यंत जायची आणि दारातून परत फिरायची, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

एका दुपारी ती बाई कुणासमोर बसून सांगत होती. लेक ओळ लिहिताना वाचत होती, "तिचा हात माझ्या हातातून निसटला."

"निसटला नाही," मी म्हणाले. "सोडला. खोटं बोलतेय ती."

"अगं आई, ती तेच म्हणतेय. मी माझ्या मनाचं कसं लिहू?"

"म्हणत असेल. तू तोंड बघ तिचं."

लेकीने पुढच्या भागांच्या संवादांचे कागद चाळले. दोन भागांनंतर ती बाई कबूल करणार होती, की हात तिने स्वतःच सोडला. लेक माझ्याकडे वळली. "आई, तुला कसं कळलं?" मी मशीनचं चाक धरून थांबवलं. तीन वर्षांत जे ह्यांना सांगितलं नाही, देवापुढे बोलले नाही, ते त्या दुपारी अर्धवट शिवलेल्या ब्लाऊजवर डोकं टेकून मी लेकीला सांगितलं. तिने मला समजावलं नाही की थोपटलं नाही. एवढंच म्हणाली, "आई, पत्रिका आपण दोघी ठेवून येऊ."

जत्रा नाही, अमावस्या-पौर्णिमा नाही, असा साधा बुधवार आम्ही निवडला. हिर्डोशीला एसटीतून उतरून मागच्या वाटेने निघालो, म्हणजे त्या पायऱ्या चढायला नकोत. पिशवीत पत्रिका, दोन खण, दोन नारळ, तांदूळ. दुसरा खण कुणासाठी, हे लेकीने विचारलं नाही. वाट एका अरुंद खिंडीतून जाते. लेक बुटाची नाडी बांधायला मागे थांबली होती. मी मधोमध पोचले आणि समोरून मेंढरांचा कळप आत शिरला. दोन्हीकडे कातळ, समोर पाठीला पाठ लागलेली जनावरं. मला पायऱ्याच दिसल्या. मी मटकन खाली बसले, डोळे मिटले आणि म्हटलं, आई, आज तू माझा हिशेब करणार.

"बाई, हालू नगा! हितंच बसून ऱ्हावा!" कळपामागून एक म्हातारी धनगरीण ओरडली आणि पुढच्या मेंढराला शीळ घालत आपली काठी खाली टाकून स्वस्थ उभी राहिली. कळपाला मागून रेटाच उरला नाही. एकेक मेंढरू मला हुंगून, लोकर घासून, बाजूने निघून गेलं. एकाचाही खूर मला लागला नाही.

म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला काय काय सांगितलं ते धड आठवत नाही. सगळंच सांगितलं असावं. ती म्हणाली, "मागनं रेटा आला की पुढचं जनावर तुडवतंच. त्याच्या मनात काय आसतंय व्हय?"

"पण हात मी झटकला, मावशी."

ती उगाच नाही-नाही म्हणाली नाही. "झटकला आसंल. जिवाची भीती कुनाला न्हाई? पर तुमी सोडला म्हंजी तो हात तसाच ऱ्हायला, आसं कशावरनं? वर आई बसलीया न्हवं. तिनं धरला आसंल की." एवढं बोलून ती उठली आणि काठी उचलून कळपामागे गेली. कळपाला वाट द्यायला लेक खिंडीबाहेर कातळावर चढली होती, ती धापा टाकत उतरून आली तेव्हा तिला लांबून लाल लुगड्याचा पदर तेवढा दिसला.

देवळात गुरव आणि आम्ही दोघीच. पत्रिका ठेवली, देवीची ओटी भरली. दुसरा खण पायाशी ठेवून म्हटलं, हा पायऱ्यांवरच्या त्या बाईचा, तिचं नाव मला माहीत नाही, तुला आहे. दुसरा नारळ त्या जर्मन बाईच्या नावाने ठेवला. लेक हसली, "आई, ती खोटी आहे गं, मालिकेतली." मी म्हटलं, "असू दे, तिनेच मला इथवर आणलं." उतरताना मी त्या पायऱ्यांनीच उतरले, लेकीचा हात घट्ट धरून. तो हात इतका मोठा कधी झाला, ते मला माहीतच नव्हतं.

म्हातारी कोण होती, याचा शोध मी घेतला नाही. त्या डोंगरात धनगरांचे वाडे आहेत, त्यांतलीच कुणी असेल. देवीला तिच्या तोंडून बोलायचं होतं की नव्हतं, ते देवीच जाणे. मला ते पुरलं.

लग्नात मांडव माणसांनी फुलला होता. मी त्या गर्दीत मधोमध उभी होते. कन्यादानाच्या वेळी भटजींनी लेकीचा हात माझ्या हातात दिला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आता सोडा, आई." मला त्या हिरव्या बांगड्या आठवल्या. मनात म्हटलं, आई, मी सोडतेय, तू धर. आणि मी हात सोडला.