चुलीत टाकलेल्या गोळ्या

केवळाबाईंची साक्ष आमच्या मुदखेडात लेकरांनासुद्धा पाठ होती. रविवारी उपासनेत पास्टर विचारणार, कुणाला साक्ष द्यायचीय का, आणि केवळाबाई पदर सावरून उभ्या राहणार. लहानपणापासून फिट यायची. नवऱ्यानं टाकून दिलं. भगत झाले, दवाखाने झाले. मग नांदेडच्या सभेत डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि तेव्हापासून आजतागायत एक फिट नाही. "आन् त्याच दिवशी घरी येऊन," इथं त्या जरा थांबायच्या, "गोळ्यांची सगळी पाकिटं चुलीत टाकली." मग जो हालेलुया उठायचा, तो आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायचा.

मी घरात भाकरी थापता थापता ऐकायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची. कारण त्या गोळ्या दर महिन्याला मीच आणून देत होते.

माझं नाव महामाया. मी आशा वर्कर. केवळाबाईंचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत लावून आहे. त्यांच्या प्रार्थनेला मी कधी गेले नाही, आमच्या विहारातल्या वंदनेला त्या आल्या नाहीत, पण कालवणाची वाटी रोज इकडून तिकडं जायची. सरकारी दवाखान्यातून फिटच्या गोळ्या आणायच्या, माझ्या हळदीच्या रिकाम्या डब्यात घालायच्या आणि मागच्या दारानं द्यायच्या. बारा वर्षं हे चाललं.

आता तुम्ही म्हणाल, बाई खोटारडी. तसं सरळ नव्हतं ते. सभेची प्रार्थना आणि डॉक्टरनं बदलून दिलेल्या गोळ्या, दोन्ही एकाच महिन्यातलं. फिट थांबली. कुणामुळं थांबली ते सांगायला मी कोण? केवळाबाईंनी खरंच विश्वासानं गोळ्या बंद केल्या, आणि दोन महिन्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात आडव्या झाल्या. दातखीळ बसलेली, टाचा फरशीवर आपटत होत्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "माया, कुणाला सांगू नको." मी म्हणलं, गोळी घेत असाल तर नाही सांगत. झालं ठरलं.

तेव्हा साक्षीत चूल नव्हती. प्रभूनं बरं केलं, एवढंच म्हणायच्या. चूल आली ती हदगावच्या मोठ्या सभेत. मांडव भरलेला, हातात माईक, आणि तोंडातून निघून गेलं. अख्खा मांडव उभा राहिला म्हणे. "मग मागं घेता येईना गं," मला म्हणाल्या. "लोकं तेवढंच ऐकायला बसलेली असत्यात." मी तेव्हा हसले होते. आता लाज वाटते, पण हसले होते हे खरं आहे.

मागच्या दिवाळीनंतरचा रविवार. दुपारी केवळाबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तोंड पांढरंफटक. आत या म्हणलं तर आत येईनात.

"माया, अंजूनं गोळ्या चुलीत टाकल्या."

अंजू म्हणजे आमच्याच गावातल्या व्यंकटची बायको. चोवीस वर्षांची, पदरात आठ महिन्यांची मुलगी. तिलाही फिट यायची. तिच्याही गोळ्या माझ्याच हातून जायच्या, फक्त तिच्या उघडपणे जायच्या. त्या दिवशी उपासनेत अंजू उभी राहिली आणि हसत हसत सगळ्यांना म्हणाली, केवळामावशीसारखंच केलं, आज आठ दिवस झाले, पाकिटं चुलीत. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शेजारणींनी केवळाबाईंच्या पाठीवर थाप मारली, तुमच्या साक्षीचं फळ म्हणून.

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. बारा वर्षांचं एकदम निघालं. केवळाबाई खाली मान घालून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आणखी बोल. पण आधी तिच्याकडं चल."

अंजू गुलाबाच्या मळ्यात फुलं तोडायला जायची. तो मळा मला कधीच आवडला नाही. मधोमध जुनी विहीर, खोल, कठडा ढासळलेला, काठावर गवत माजलेलं. फुलांच्या ओळी थेट विहिरीपर्यंत गेलेल्या. अंजू तिथंच वाकून तोडत होती आणि तिची पोर बांधावर पोत्यावर निजवलेली. मी तिच्याकडं बघितलं, मग विहिरीकडं बघितलं.

केवळाबाईंनी सांगून टाकलं. मी अजून गोळ्या खाते, मी खोटं बोलले, तू आजपासून चालू कर. अंजूनं फूल परडीत टाकलं आणि लाडानं हसली.

"माझी परीक्षा घेऊन राहिल्या का मावशी? मी न्हाई डगमगायची."

"अगं आशाताईला इचार."

"आशाताई आपल्यातल्या न्हाईत," अंजू म्हणाली. माझ्याकडं बघून तिनं वाईट वाटून घेऊ नका अशी मान हलवली. मी वाईट कशाला वाटून घेऊ? मला राग आला. पण नुसत्या रागानं कुणाच्या तोंडात गोळी घालता येत नाही.

जाताजाता तिनं एक सांगितलं, तेही सहज. परवा तोडता तोडता हातातली परडी कधी गळून पडली, कळलंच नाही. थोडा वेळ काही आठवतच नाही. "जागरणानं असंल," ती म्हणाली. केवळाबाईंनी माझा दंड धरला. तसं कसं होतं आणि त्याच्यानंतर काय येतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी व्यंकटला गाठलं. तो म्हणाला, तिच्या विश्वासात मी पडत नाही ताई. मग आम्ही पास्टरकडं गेलो. पास्टर सुदर्शन तरुण माणूस, मोटरसायकलवर गावोगाव फिरणारा, मनाचा चांगला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मी कधी कुणाला गोळ्या सोडा म्हणलेलो न्हाई."

"म्हणला न्हाईत," केवळाबाई म्हणाल्या, "पण टाळ्या वाजवल्यात. माझ्यासाठी पण, तिच्यासाठी पण."

तो म्हणाला, रविवारपर्यंत थांबा, जरा विचार करू, मंडळी फुटंल. केवळाबाई म्हणाल्या, "रविवारी मी बोलणार. तुमी विचार करा."

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा उपासनेला गेले. दाराशी चपला काढून मागं बसले. पास्टरनं साक्षीचं विचारलं. केवळाबाई उभ्या राहिल्या. पिशवीतून माझा हळदीचा डबा काढला, वर धरला.

"पश्चात्ताप म्हणलं की आपल्याला दारू आठवती, बिडी आठवती, मागचा जल्म आठवतो," त्या म्हणाल्या. "माझं पाप विश्वासात आल्यावरचं हाय. ह्याच जाग्यावर उभं राहून केलेलं हाय. मी गोळ्या चुलीत टाकल्या न्हाईत. बारा वर्षं रोज खाल्ल्या. प्रभूनं मला सांभाळलं, पण त्यानं जे केलं न्हाई ते मी त्याच्या नावावर सांगितलं." आणि सगळ्यांसमोर एक गोळी तोंडात टाकून पाणी प्यायल्या.

मला वाटलं आता संपलं. सुटलो. पण अंजू उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते. "हे मावशी न्हाई बोलत," ती म्हणाली. "सैतान बोलतोय. मावशीची साक्ष त्याला बघवंना झालीय."

कुणीतरी आमेन म्हणलं. मग आणखी कुणीतरी. बघता बघता बायका उठल्या, केवळाबाईंभोवती जमल्या, त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या, सैतानाला घालवायला. पास्टर थांबा थांबा म्हणत होता, त्याचं कुणी ऐकलं नाही. इतक्या हातांखाली केवळाबाई दिसेनाशा झाल्या. मला तिथं बसवेना, भीती वाटली मला. एका बाईचं खोटं एवढं मोठं झालं होतं की ती स्वतः समोर उभी असून तिला कुणी विचारत नव्हतं.

घरी परत येताना केवळाबाई एवढंच म्हणाल्या, "सांगून उपयोग न्हाई. तिनं मला पडलेलं कुठं बघितलंय."

ह्या वाक्याचा अर्थ मला त्याच दिवशी कळायला पाहिजे होता. आशाचं काम करते मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी वागले. दुसऱ्या दिवसापासून केवळाबाई अंजूबरोबर फुलं तोडायला जायला लागल्या. अंजूनं येऊ दिलं, मावशी सुधारतेय म्हणून. व्यंकट म्हणायचा, मावशी विहिरीच्या बाजूची ओळ अंजूला तोडूच देत नाहीत, स्वतः तिकडं बसतात. मला बरं वाटायचं. वाटायचं, राखण चाललीय.

नवव्या दिवशी हळद संपली म्हणून मी त्यांच्या घरी गेले. त्या मळ्यात गेलेल्या. फळीवरचा डबा उचलला तर जड लागला. उघडून बघते तर रविवारी सगळ्यांसमोर खाल्लेली एक गोळी सोडली तर पाकिटं जशीच्या तशी, एकालाही हात लावलेला नाही.

मी पायात चप्पल न घालता धावले. बांधावर पोचले तेव्हा दुपारचं ऊन कलायला लागलं होतं. केवळाबाई विहिरीच्या बाजूच्या ओळीत उभ्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडं मान वळवली, पण बघितलं नाही. डोळे वर गेले. तोंडातून एक आवाज निघाला, तो मी बारा वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला होता. आणि त्या आडव्या झाल्या, गवतात, विहिरीच्या अगदी काठाला. एक हात आत लोंबायला लागला. अंग झटके देत होतं, आणि प्रत्येक झटक्याला बाई इंचभर विहिरीकडं सरकत होती. दगड सुटून पाण्यात पडल्याचं ऐकू आलं.

मी लांब होते. अंजू जवळ होती. तिनं केवळाबाईंचे दोन्ही पाय धरले आणि मागं ओढलं, काट्यांतून, ओळीतून, फरफटत. मी पोचले, त्यांना कुशीवर केलं. तोंडातून रक्तमिश्रित फेस येत होता, जीभ चावली गेली होती. अंजू उभीच होती. बांधावर पोर रडायला लागली होती तरी तिला ऐकू येत नव्हतं.

"मला असंच होतं का?" तिनं विचारलं. स्वतःची फिट कुणाला दिसत नाही, दुसऱ्याची तिनं पहिल्यांदाच बघितली होती.

"असंच," मी म्हणलं.

"आन् पोर कडंवर असंल तर?"

डबा माझ्या हातातच होता. तिनं तो माझ्याकडून घेतला. त्या गोळ्या केवळाबाईंच्या, तिच्या वेगळ्या, म्हणून मी तिला थांबवलं आणि तिच्या माझ्या घरी आहेत, चल म्हणलं. झटके थांबल्यावर केवळाबाईंना आम्ही दोघींनी धरून घरी आणलं, मग ती माझ्याकडं आली. माझ्यासमोर गोळी घेतली आणि माझ्याच चुलीपुढं बसून पोटभर रडली.

केवळाबाई शुद्धीवर आल्यावर मी त्यांना फाडफाड बोलले. मेला असतात तर, म्हणलं, हा कुठला पश्चात्ताप? त्यांना सुजलेल्या जिभेनं बोलता येत नव्हतं. चार दिवसांनी बोलल्या ते वेगळंच. "माया, अंजू आपल्या गावातली म्हणून कळलं. मी बारा वर्षं गावोगाव बोललेय."

गोळ्या नियमित चालू झाल्यावर, महिनाभरानं, गावोगाव खरं सांगायला आम्ही निघालो. हदगावला कुणी काही केलेलं नव्हतं, तिथल्या बायका हसल्या आणि चहा पाजला. मला वाटलं, चला, उगीच भ्यालो. मग लातूरवरून औशाला गेलो.

औशात रामलिंगभाऊ म्हणून एक म्हातारे, शिलाईचं काम करणारे. केवळाबाईंना बघून मशीनवरून उठले, हात जोडून जय मसीह म्हणाले, घरात नेलं. "सिस्टर आल्या माझ्या घरी," शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. भिंतीवर क्रूस होता आणि खाली एका मुलीचा फोटो, त्याला हार.

"माझी सुकन्या," म्हातारे म्हणाले. "इथल्या सभेत तुमची साक्ष ऐकली तिनं. घरी येऊन सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या. पाच महिने एकदम ठीक होती. मग न्हाणीत पडली, हौदात डोकं गेलं. प्रभूची इच्छा. पण शेवटपर्यंत विश्वासात होती पोर. मला तेवढंच समाधान हाय सिस्टर, की ती खऱ्यावर विश्वास ठेवून गेली."

केवळाबाईंच्या हातात कपबशी होती. मी त्यांचा पदर खाली ओढला. डोळ्यांनी सांगितलं, नको. आता कुणाचा जीव वाचायचा राहिला होता? म्हाताऱ्याजवळ एवढंच तर उरलं होतं.

केवळाबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी गोळ्या चुलीत टाकल्याच नव्हत्या."

म्हाताऱ्यांनी सावकाश विचारलं, "एक पण न्हाई?"

"एक पण न्हाई."

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून काहीच आवाज येईना. आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. ऊन उतरायला लागलं. मी म्हणलं, काकू, चला, लातूरची गाडी निघंल.

"तू जा," केवळाबाई म्हणाल्या. "भाऊ बाहेर येऊन जे बोलतील ते मला ऐकायचंय."

गाडी गेली. मी पण बसून राहिले. गोळ्या लपवलेला डबा माझ्याच घरचा होता.